बोरझरीच्या पाण्यावरचा नमस्कार

पाण्यात पडलेल्या माणसाला नमस्कार करू नये, असं शिष्टाचाराच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर या वर्षीचा भाद्रपद मला कोरडा गेला असता.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. जगातल्या मोठ्या सरोवरांची नावं मला झोपेतही सांगता येतात, पण निवृत्त होईपर्यंत मी एकाही सरोवरात घोट्याच्या वर उतरलो नव्हतो. अमरावतीच्या माणसाला उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की तेवढं जलपर्यटन पुरतं. तर अशा माणसाच्या घराच्या गच्चीवर आज एक लांबलचक पिवळी प्लास्टिकची नाव पालथी पडलेली आहे. तिला कयाक म्हणतात. आमच्या गल्लीत तिला केळं म्हणतात.

हे केळं आलं जुईलीमुळे. जुईली आमची एकुलती मुलगी, कॅनडात असते. तिकडे रविवारी लोक नाव घेऊन तळ्यावर जातात, तशी तीही जाते आणि आम्हाला फोटो पाठवते. आषाढात तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, मी कोजागिरीला येतेय. आपण बोरझरीच्या तलावात नाव घालू. बेटापर्यंत जाऊ. तुम्ही मागे बसा, मी पुढे बसते."

बोरझरीचा तलाव आमच्यापासून फार लांब नाही. मधोमध एक बेट आहे आणि त्यावर बाभळी आहेत. जुईली लहान असताना आम्ही रविवारी बांधावर जाऊन बसायचो. ती विचारायची, "बाबा, तिथे काय आहे?" मी सांगायचो, "बाभळी." ती म्हणायची, "त्या तर इथूनही दिसतात. तिथे काय आहे?" भूगोलाच्या शिक्षकाला निरुत्तर करणारा हा एकच विद्यार्थी मला आयुष्यात भेटला.

तिची मला फार आठवण येते. हे इथेच सरळ सांगून टाकतो, कारण पुढे सगळा गोंधळ आहे आणि त्यात ते सांगायचं राहून जाईल.

आठवण चारुशीलालाही येते, पण ती तसं म्हणत नाही. ती डबा वाजवते. आमच्या गल्लीत भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई बसवतात. गाणी झाली की खिरापतीचा बंद डबा हलवून दाखवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. जो ओळखेल त्याला पहिला वाटा. चारुशीलाची खिरापत कुणाच्या बापाला ओळखता येत नसे. फक्त जुईली डब्याला कान लावून ओळखायची. आता तो कान कॅनडात गेला, म्हणून चारुशीला फोनसमोर डबा हलवते. त्या महिन्यात आमचं परदेशी संभाषण असं असतं: खडखड. "शेंगदाणे?" "नाही." पुन्हा खडखड. "फुटाणे आणि खोबऱ्याचे काप!" मग चारुशीला डोळे पुसते आणि धूर झाला म्हणते. आमच्याकडे गॅस आहे.

नाव मागवली. ती अमरावतीला यायची ती अकोल्याला जाऊन पडली. अमरावतीच्या गाडीत एवढी लांब वस्तू मावत नाही, असं कळलं. मी अकोल्याला गेलो. बार्शीटाकळीचे किसनराव नावाचे एक गृहस्थ त्यांची रिकामी पिकअप घेऊन अमरावतीकडे निघाले होते, त्यांनी ती मागे टाकून घेतली. मूर्तिजापूरपर्यंत ते काही बोलले नाहीत. चहाला थांबलो तेव्हा त्यांनी नावेवरून हात फिरवला, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सरजी, गव्हाण झ्याक हाय. पन बैलाचं तोंड यवढ्याशा भोकात जाईन कसं?"

"ही गव्हाण नाही. यात आपण बसायचं."

किसनरावांनी माझ्याकडे, मग त्या भोकाकडे, मग पुन्हा माझ्या पोटाकडे पाहिलं. "असं," ते म्हणाले आणि अमरावती येईपर्यंत पुन्हा गप्प बसले.

घरी चारुशीलाने नाव पुढून मागून पाहिली आणि एकच अट घातली. "आधी तुम्ही बेटापर्यंत जाऊन परत या. कोरडे परत या. एकदा तुम्ही कोरडे आलेले मला दिसलात की मग माझी मुलगी त्यात बसेल. नाही तर हिच्यात मी कोथिंबीर लावीन."

अट अवाजवी नव्हती. पण शेजारचे मोरोपंत तेवढ्यात कुंपणापाशी आले. मोरोपंत कोर्टात लघुलेखक होते. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतल्यामुळे निवृत्तीनंतर ते थकबाकी वसूल करत आहेत. "सर, पाण्यात तोंड पूर्वेकडे ठेवायचं. पोटात काही जड नको, पण अगदी रिकामंही नको. आणि बुडायला लागलात तर घाबरायचं नाही, ही मुख्य गोष्ट."

"तुम्हाला पोहता येतं का, मोरोपंत?"

"पोहणारे मी पुष्कळ पाहिले आहेत," ते म्हणाले.

वल्हवणं मात्र मला लवकर जमलं. काठाकाठाने चार फेऱ्या मारल्यावर मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. मग एका सकाळी मी बेटाकडे तोंड केलं, आणि तलावाच्या पलीकडच्या टोकाला एक मोटर गुरगुरली.

दोन वर्षांपूर्वी बोरझरीला जलक्रीडा केंद्र निघालं. तिथे तीन स्पीडबोटी आहेत. त्या पाहुण्यांना बसवून तलावभर उधळतात, मध्येच गर्रकन वळतात, पाहुणे किंचाळतात आणि त्यातच मजा आहे अशी समजूत आहे. त्यातली एक बोट सरळ माझ्या दिशेने येऊ लागली. मी हात हलवले. बोटीचा वेग वाढला. मी ओरडलो. बोट आणखी जवळ आली, माझ्याभोवती एक झोकदार गोल मारला, हातभर अंतरावर थांबली आणि चालवणारा तरुण उठून उभा राहिला. डोळ्यावरचा काळा चष्मा काढून, वाकून, तो म्हणाला, "नमस्कार सर! वळखलं का? किशोर. दहावी ब."

शिक्षकाच्या अंगात काही गोष्टी मुरलेल्या असतात. मी नमस्काराला नमस्कार केला. दोन्ही हात जोडले. म्हणजे वल्हं सोडलं. आणि नेमकी त्याच वेळी त्या झोकदार गोलाची लाट येऊन पोचली.

किशोरनेच मला काढलं. फार आदराने काढलं. "सर, तुमी नकाशात तलाव निळा रंगवाले लावाचे," तो मला काठावर ठेवताना म्हणाला, "पन हा तं हिरवा हाय ना सर?" मी तोंडातलं पाणी थुंकून हो म्हणालो.

घरी चारुशीलाने दारापासून न्हाणीघरापर्यंत वर्तमानपत्रं अंथरली.

दुसऱ्या खेपेला रोहित भेटला. तिसऱ्या खेपेला आकांक्षा. तिन्ही बोटींवर माझेच विद्यार्थी होते. इतकी वर्षं एका शाळेत घालवल्यावर माणसाला गावात कुठे सुरक्षित जागा राहत नाही. बँकेत त्याचा फायदा होतो, दवाखान्यात होतो, पण पाण्यावर होत नाही. प्रत्येक जण लांबून मला पाहायचा, मोटर भरधाव सोडायचा, शक्य तेवढ्या जवळ यायचा आणि वाकून नमस्कार करायचा. हात न जोडता नुसती मान हलवून पाहिली. त्यावर आकांक्षाला वाटलं मी रागावलो आहे, म्हणून ती माफी मागायला आणखी एक गोल मारून आली.

मी फोनवर जुईलीला सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "बाबा, हे धोक्याचं आहे. तिकडे नियम आहे, वल्ह्याची नाव दिसली की मोटरवाल्याने लांब राहायचं, वेग कमी करायचा. तुम्ही त्यांना दिसत नसाल. उंच काठीला भडक झेंडा लावा."

मी दिसत नव्हतो हे निदानच चुकीचं होतं. पण मुलगी काळजीने बोलली की बापाला ते ऐकावंसं वाटतं. चारुशीलाच्या नारिंगी परकराचा तुकडा बांबूला बांधून मी नावेच्या शेपटीला खोवला. परिणाम असा झाला की पूर्वी मी जवळ आल्यावर मुलं मला ओळखायची, ती आता पलीकडच्या काठावरून ओळखू लागली. तिन्ही बोटी एकदम निघाल्या. मी तीन बाजूंनी नमस्कार स्वीकारून चौथ्या बाजूने पाण्यात गेलो.

जुईली म्हणाली, "मग शिटी ठेवा गळ्यात. धोका वाटला की तीनदा जोरात वाजवायची." मी शिटी घेतली. भिजून आलेल्या, वर्तमानपत्रांवरून चालत जाणाऱ्या माणसाला आत्मसन्मान उरत नाही असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. मी अगदी ताठ बसून गेलो, बोटी दिसताच तीनदा कडक शिटी वाजवली आणि क्षणभर खरोखरच सगळं थांबलं. मग तिन्ही बोटी वळल्या, माझ्यासमोर आल्या आणि एका ओळीत, उंचीप्रमाणे उभ्या राहिल्या. शाळेत प्रार्थनेला मीच शिटी वाजवत असे, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांच्या लक्षात होतं. लाटाही त्यांच्यामागोमाग हजर झाल्या.

त्या दिवशी काठावर मी किशोरला झापलं. "अरे, माणूस मरेल ना एखाद दिवशी! लांबून जा. मला ओळख दाखवू नकोस."

किशोरचा चेहरा पडला. "सर, तुमी पान्यात दिसता अन् मी तसाच तोंड फिरवून निंगून जाऊ? माह्या बापाले समजलं तं मले घरात घेईन का? तुमीच सांगा, तुमी माह्याशी असं काहून बोलून राहिले? मी काय वाईट केलं?"

खरंच त्याने काही वाईट केलं नव्हतं. हीच अडचण होती. उर्मट माणसाची तक्रार करता येते.

तरी मोरोपंतांनी मला तक्रार करायला पाठवलंच. ("शासनदरबारी नोंद हवी. बुडाल्यावर उपयोगी पडते.") मी ज्या कार्यालयात गेलो तिथल्या बाबूंनी समजावून सांगितलं की तलावातलं पाणी त्यांच्याकडे आहे, पण पाण्यावर जे चालतं ते त्यांच्याकडे नाही. ज्यांच्याकडे पाण्यावरचं होतं त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे फक्त यांत्रिक नावा येतात. "तुमची यांत्रिक हाय का?"

"नाही."

"मासे धरता?"

"नाही."

"मालाची ने-आण?"

"नाही."

या दुसऱ्या बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मंग सर, तुमी त्या तलावात करून काय राहिले?"

मुलीची वाट पाहतो, असं सरकारी टेबलासमोर सांगणं बरं दिसलं नसतं. मी परत आलो. घरात नवरात्राचे घट बसले होते, कोजागिरी तोंडावर आली होती आणि मी अजून एकदाही कोरडा परतलो नव्हतो. चारुशीला कोथिंबिरीचे धणे चोळत बसली होती. ते भाजीसाठी होते की नावेसाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी येते बांधावर."

ती आली. पायरीवर उभी राहिली आणि तिने किशोरला हाक मारली. तो धावत आला, पाया पडला. चारुशीला म्हणाली, "किशोर, शाळेत असताना सर रस्त्यात दिसले की तू काय करायचास?"

"सायकलवरून उतराचो, काकू."

"उतरून?"

"बाजूले उभा राहाचो. सर निंगून जायपर्यंत."

"मग आता काहून नाही उतरत?"

किशोर बोटीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. प्रश्न त्याच्या डोक्यात खाली खाली जाताना मला दिसत होता. "पान्यात उतरू, काकू?"

"तू नको उतरू रे बाबा. मोटर उतरव. सरांचा झेंडा दिसला की जिथे असशील तिथे मोटर बंद. उभा राहा, तिथूनच हात जोड. सर बेटापर्यंत जाऊन परत येईस्तोवर."

"असं सांगा ना मंग!" किशोरचा चेहरा उजळला. "सर तं शिट्याच मारत बसले."

मी बेटापर्यंत गेलो. तिन्ही बोटी लांब लांब गप्प उभ्या होत्या आणि त्यात तिघंजण हात जोडून उभे होते. त्यांच्या पाहुण्यांनाही, हे कुणीतरी मोठे असावेत असं वाटून, हात जोडावे लागले. माझ्या निरोप समारंभाला एवढी शांतता नव्हती. परत आलो तेव्हा चारुशीलाने माझ्या सदऱ्याचा काठ बोटांनी दाबून पाहिला, मग बाही, मग पायमोजे. "कोरडे आहात," ती म्हणाली. "बसेल ती."

त्याच संध्याकाळी जुईलीचा फोन आला. तिचे तिथे राहण्याचे कागद नव्याने करायला गेले होते आणि ते परत हातात येईपर्यंत तिला देश सोडता येणार नव्हता. कोजागिरीला येणं जमत नाही, म्हणाली. दिवाळीचंही नक्की नाही. मी म्हणालो, "काही हरकत नाही. कागद महत्त्वाचे." कार्यालयात हिंडून आल्यामुळे हे वाक्य माझ्या तोंडी सहज आलं. चारुशीलाने डबा वाजवला नाही. फोन ठेवल्यावर दिवा लावायचं कुणालाच सुचलं नाही.

मोरोपंत म्हणाले, "आता हे केळं विकून टाका." ते चांगल्या मनानेच म्हणाले.

कोजागिरीच्या सकाळी मी उठलो तर चारुशीला दारात तयार होती. अंगावर साडी, साडीवर जुईलीसाठी आणलेलं लाल तरंगतं जाकीट, हातात खिरापतीचा डबा. चारुशीलाला पाण्याची इतकी भीती आहे की ती बादलीत तांब्यासुद्धा जपून बुडवते.

"पुढची जागा रिकामी नको जायला," ती म्हणाली.

किशोरने आणि आकांक्षाने तिला धरून नावेत बसवलं. तिने दोन्ही कडा घट्ट धरल्या. डबा मांडीत. मी मागे. झेंडा वर. तलावावर रोहितची एकच मोटर चालू होती, तीही बंद झाली, आणि बोरझरीचा जुना आवाज ऐकू येऊ लागला.

बेटाजवळ गेल्यावर मी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. "जुईली," मी म्हणालो, "ओळख पाहू," आणि चित्र न दाखवता फोन पाण्यावर धरला.

तिला खेळ लगेच कळला. "टिटवी!" ती म्हणाली.

"बरोबर."

"हे टपटप... वल्ह्यावरून पाणी गळतंय. बाबा, तुम्ही बोरझरीत आहात! बेटापाशी?"

"पुढे ओळख."

लांबून पाण्यावरून बारीक आवाज आला, "नमस्कार सर." रोहितला राहवलं नव्हतं. जुईली हसली, मीही हसलो, आणि नाव थोडी हलली. चारुशीला दचकली, तिने कडा सोडून पुन्हा पकडल्या, आणि तिच्या हिरव्या बांगड्या प्लास्टिकवर वाजल्या. एवढाच आवाज झाला.

फोन पलीकडे गप्प झाला. मला वाटलं तुटला.

"बाबा," जुईलीचा आवाज अगदी बारीक आला. "आई बसलीय नावेत?"

"हो. तुझ्या जागेवर."

"आई?"

चारुशीलाने हात उचलून मनगट हलवलं. बांगड्या पुन्हा वाजल्या. तिकडे जुईली रडत होती, इकडे ही रडत होती, आणि या वेळी धुराचं नाव घ्यायलाही कुणी तयार नव्हतं.

मग जुईलीने नाक ओढून विचारलं, "आई, तिथे काय आहे?"

चारुशीलाने बेटाकडे पाहिलं. "बाभळी आहेत गं," ती म्हणाली. "तू ये. मग बघू."

"मी ओळखलं ना सगळं? मग पहिला वाटा माझा."

"तुझाच."

चारुशीलाने डबा उघडला. आत नारळाच्या वड्या होत्या. तिने एक उचलली आणि हात पुढे केला, पण पुढे फक्त नावेचं टोक होतं आणि त्यापुढे पाणी. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने वडी परत ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि मला म्हणाली, "चला. हळू घ्या."

आम्ही कोरडे परत आलो. काठावर किशोरने विचारलं, "काकू, खिरापत?" तर त्याला चारुशीलाने पिशवीतली साखर दिली. त्या डब्यातली वडी तिने त्याला दिली नाही, मोरोपंतांना दिली नाही आणि मलाही दिली नाही. पहिला वाटा गेल्याशिवाय दुसरा निघत नाही, असं तिचं म्हणणं आहे. डबा फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात मागे ठेवलेला आहे. ती देवळात गेली की मी तो कधीमधी काढतो आणि कानाशी धरून हलवतो. सगळ्या वड्या आहेत.